किल्लीवाल्याच्या सासूबाईंचा गुडघा

गेली अडीच वर्षं आमचं कुटुंब एका गुडघ्यावर उभं होतं, आणि तो गुडघा आमच्या तिघांपैकी कोणाचाच नव्हता.

आम्ही मिशनरी आहोत. म्हणजे पप्पा आहेत. मम्मी आणि मी सामानाबरोबर येतो. दर तीन वर्षांनी मायदेशातली कमिटी ठरवते की प्रभूला आता आमची गरज कुठे आहे, आणि प्रभूला ती कायम लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर असते. माझं वय एकवीस, हे सातवं घर. मला अजून खुर्चीत मागे टेकून बसता येत नाही. काठावर बसते, आपला नंबर आत्ता पुकारतील अशा बेताने. मम्मी नवं घर बघायला जाते तेव्हा ऊन, नळ, शेजार असलं काही बघत नाही, ट्रंका कुठे मावतील ते बघते. त्या चार आहेत. दोन पलंगाखाली, एक चहाचं टेबल म्हणून, आणि चौथी आजवर कुठल्याच देशात उघडलेली नाही. तिच्यात काय आहे ते मम्मीलाही आता नक्की आठवत नाही, पण तिच्याशिवाय चालणार नाही एवढं आठवतं.

पप्पांचंही बूड कुठे टेकत नाही. ते चालत प्रार्थना करतात. खोली दहा बाय बाराची, त्यामुळे खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. मंगळवारी सरकारी इस्पितळ, गुरुवारी कामगारांचं वसतिगृह, शनिवारी घरोघर भेटी आणि रविवारी उपासना. उपासनेचा हॉल लाँड्रीच्या वर आहे आणि रविवारची सकाळ सोडली तर तो कराटेवाल्यांचा असतो. समोरच्या भिंतीवर लाथ मारणाऱ्या माणसाचं भलंमोठं चित्र आहे. मम्मी दर रविवारी त्यावर पडदा लावते, पण पडदा थोडक्यासाठी कमी पडतो आणि पाय बाहेर राहतो. पप्पा त्या पायाखाली उभं राहून प्रवचन देतात. लाथ बरोबर त्यांच्या डाव्या कानाशी येऊन थांबते. नवीन आलेली माणसं प्रवचन डोळे न हलवता ऐकतात.

पप्पांना एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे चूक पोटात ठेवणं. एकदा त्यांनी भर उपासनेत जाहीर केलं, "गेल्या रविवारच्या अहवालात मी चौदा जण लिहिले. तेरा होते. चौदावे गृहस्थ कराटेचा वर्ग किती वाजता भरतो ते विचारायला आले होते. मी दुरुस्ती करतो." ते गृहस्थ त्या दिवशीही आले होते. ते उठून उभे राहिले, "बरोबर आहे," म्हणाले आणि पुन्हा बसले. तेव्हापासून दर रविवारी येतात. कराटे राहून गेलं.

अशा माणसाची प्रार्थनापत्रं मी लिहायचे.

प्रार्थनापत्र म्हणजे दर महिन्याला मायदेशी पाठवायचं पत्र: इथे काय चाललंय, कोणासाठी प्रार्थना करा. पप्पा चालता चालता मुद्दे सांगतात, मी लिहून पाठवते, तिकडचं ऑफिस ते छापून चर्चच्या मंडळ्यांना वाटतं, आणि रविवारी तिथे ते मोठ्याने वाचलं जातं. पप्पा छापील पत्र कधीच बघत नाहीत. आपल्याच सेवेविषयी आपणच वाचणं म्हणजे आरशासमोर उभं राहून प्रार्थना करणं, असं ते म्हणतात. वाक्य फार सुंदर आहे. सगळा घोटाळा त्या वाक्यामुळेच झाला.

इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात तळमजल्यावरच्या किल्लीवाल्याच्या सासूबाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा गुडघा सुजला. सगळी गल्ली त्यांना सासूबाईच म्हणते, जावयाच्या देखत जरा जास्तच. पप्पांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि पत्रात नववा मुद्दा म्हणून तो गुडघा घातला. आधीच्या महिन्याच्या पत्राला दोन उत्तरं आली होती, त्यातलं एक मामाचं होतं आणि त्यात त्याने आधीचं पत्र मिळालं नसल्याचं कळवलं होतं. गुडघ्याच्या पत्राला एकेचाळीस आली.

मम्मीने ती सगळी मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली. एकीने तेल लिहून पाठवलं, एकीने आपल्या जावेच्या गुडघ्याची अख्खी हकीकत, आणि एका बाईंनी पाकिटातून कॅलेंडर. मम्मी खाली गेली, किल्लीवाल्याकडून हातोडी आणली आणि कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला. सहा घरांत तिने एकही खिळा ठोकला नव्हता. जायचंच आहे तर भिंतीला कशाला भोक, म्हणायची.

तीन आठवड्यांत गुडघा बरा झाला. पप्पा म्हणाले, "लिही, सासूबाई बऱ्या झाल्या, प्रभूची स्तुती असो." मी लिहायला बसले. समोर खिळा होता. मी लिहिलं, 'सूज उतरली आहे, पण थंडीत ठणकतो.'

तो 'पण' पुढे एकोणतीस पत्रं चालला.

मी वाईट हेतूने काही केलं नाही, हे म्हणायला सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. गुडघा चालायला लागला, एवढं खरं. पावसाळी हवेत तो आखडायचा, उपास-प्रार्थना झाली की मोकळा व्हायचा, ऑपरेशनची गोष्ट निघायची आणि पुढे ढकलली जायची. एका मंडळीच्या संडेस्कूलने त्याचं रंगीत चित्र काढून भिंतीवर लावलं. एका तरुण प्रचारकाने त्याच्यावर तीन भागांत प्रवचन दिलं. एकदा मी घाईत उजव्याऐवजी डावा लिहिला आणि कोणीतरी शंका विचारली, तेव्हा पुढच्या पत्रात 'आता दुसऱ्यालाही' असं घालून निभावून नेलं. त्या महिन्यात साठ उत्तरं आली. मधे पप्पांनी सासूबाईंविषयी आणखी काहीतरी मुद्दा सांगितला होता, तो मी गाळला. एका पत्रात एका माणसाला किती दुखणी द्यायची, त्यालाही काही प्रमाण असतं.

शिवाय पार्सलं यायला लागली. टपाल खालून मीच आणायचे आणि उत्तरं मीच वाचून दाखवायचे, गुडघा वगळून. लोकरीच्या गुडघापट्ट्या, हाताने विणलेल्या, एकूण अकरा. त्या ठेवायच्या कुठे? मी सरळ सासूबाईंना नेऊन द्यायचे. त्या दर वेळी गंभीर चेहऱ्याने घ्यायच्या, दर वेळी त्यातली एक घालायच्या, आणि कधी काही विचारायच्या नाहीत. मला वाटायचं, गरीब स्वभाव.

मग दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या.

पहिली: कमिटीचं पत्र आलं. तीन वर्षं संपत आली, तर इथे आणखी तीन वर्षं द्यायची की दुसऱ्या देशी पाठवायचं, हे पुढच्या गुरुवारी ठरणार. पप्पांनी नकाशा उघडून तो दुसरा देश दाखवला. तो त्यांच्या बोटाखाली मावला.

मम्मी भांडी पुसत होती. म्हणाली, "मला इथे राहायचंय."

पप्पा चालायचे थांबले. बावीस वर्षांच्या संसारात मम्मीने 'मला' या शब्दाने वाक्य सुरू केल्याचं आमच्यापैकी कोणाला आठवत नव्हतं.

"प्रभूची इच्छा असेल तर," पप्पा म्हणाले.

"त्याला सांगा, माझी आहे," मम्मी म्हणाली आणि पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली.

दुसरी: मंगळवारी फोन आला. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, म्हणजे कमिटीत ज्यांच्यापुढे चेअरमनसुद्धा चष्मा काढून बोलतात त्या, मुलीकडे परदेशी गेल्या होत्या. परतीच्या वाटेवर तीन दिवस आमच्याकडे उतरणार होत्या.

"आणि पाळकसाहेब," त्या स्पीकरवर म्हणाल्या, "मला तो गुडघा डोळ्यांनी बघायचाय."

"सासूबाईंचा?" पप्पांचा चेहरा उजळला. "अवश्य! तळमजल्यावरच असतात." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बघ, अडीच वर्षांपूर्वी एकदा लिहिलं होतं आपण. एकदा! आणि यांच्या अजून लक्षात आहे. याला म्हणतात मंडळी."

पप्पांची सही असलेल्या एकोणतीस पत्रांत पप्पा खोटं बोलले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हे गुरुवारच्या आत फुटलं तर तीन वर्षं सोडाच, त्यांना घरी बोलावून घेतील, आणि मम्मीचा खिळा भिंतीत राहील आणि मम्मी ट्रंकेवर.

बुधवारी सकाळी मी खाली गेले. सासूबाई दुकानाची पायरी घासत होत्या, दोन्ही गुडघे दगडावर टेकून, ब्रशने. झगा वर खोचलेला. उजव्या गुडघ्यावर जांभळी पट्टी, पिवळ्या काठाची.

"सासूबाई, एक विनंती होती. शुक्रवार ते रविवार तुमचा गुडघा दुखेल का?"

"कोणता?"

"कोणताही. तुम्हाला सोयीचा असेल तो."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "हे तुमच्या धर्मातलं आहे का?"

"नाही. म्हणजे थोडं."

"पोरी, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या वयात दुखणं खोटं बोलावलं तरी खरं येतं. ते नाही जमायचं. दुसरं काही सांग. जड उचलायचं असेल काही, तर ते सांग."

आतून कानशीचा आवाज थांबला. "त्यांचा गुडघा कशाला दुखेल?" किल्लीवाला म्हणाला. "डोकं माझं दुखतं. त्यासाठी कोणी टोपी विणून पाठवत नाही."

"तू किल्ल्या कर," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी अध्यक्षबाई आल्या. पप्पा इस्पितळात अडकले होते, म्हणून मीच आणायला गेले. बाई ठेंगण्या, ठाम आणि चालताना डावीकडे झुकणाऱ्या. इमारतीत शिरून त्यांनी जिना बघितला आणि म्हणाल्या, "तिसरा?"

"हो, आजी."

"बाई म्हण. आजी म्हणायला नातवंडं आहेत."

पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि कठड्याला धरून श्वास घेऊ लागल्या. त्यांचा उजवा गुडघा दर पायरीला दार करकरावं तसा वाजत होता. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या, पाहुणीची सूटकेस बघितली, ती डोक्यावर घेतली आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर निघून गेल्या. सूटकेस ठेवून तशाच खाली आल्या आणि जाताना मान डोलावून गेल्या.

"काय खमकी बाई आहे!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "कोण गं?"

"शेजारीण."

"बघ. एकेकाची तब्येत. नाहीतर ती बिचारी सासूबाई."

यावर मी काही खोटं बोलले नाही. कठड्याचा रंग कुठे कुठे उडालाय ते बघत राहिले.

बाई माझ्या खोलीत झोपणार होत्या. त्यांनी सूटकेस उघडली: बारावी गुडघापट्टी, तेलाची बाटली, आणि गुंडाळी केलेलं संडेस्कूलचं चित्र. त्यात गुडघा नारिंगी होता आणि हसत होता.

शनिवारी पहाटे पाचला मला जाग आली. बाई पलंगाच्या कडेला बसून प्रार्थना करत होत्या. खाली गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून बसून. सासूबाईंचं सगळं त्यांना पाठ होतं: कोणत्या महिन्यात सूज, कोणत्या महिन्यात ठणका. मला माझीच पत्रं ऐकू येत होती, आणि माझ्या लिहिण्यापेक्षा ती बरीच चांगली वाटत होती.

आमेन झाल्यावर त्यांना मी जागी दिसले. "झोप गं. मला या वेळेला गजर लागत नाही. गुडघा उठवतो. माझा नाही, तिचा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, त्यानंतर मला सकाळी उठायला काही कारणच उरलं नव्हतं. दहा दहा वाजेपर्यंत पडून राहायचे. सून चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा. मग तुमचं ते पत्र आलं. म्हटलं, चला, कोणाचा तरी गुडघा आपल्यावाचून अडलाय."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा टाकते."

तो अख्खा शनिवार मी बाईंना सासूबाईंपासून दूर ठेवण्यात घालवला. सकाळी सासूबाई झोपल्यात म्हणाले, दुपारी मालिशवाल्याकडे गेल्यात म्हणाले, आणि संध्याकाळी काही सुचेना तेव्हा त्यांना लाँड्री दाखवायला नेलं. लाँड्रीत बघण्यासारखं काही नसतं. आम्ही पाऊण तास एका गोल फिरणाऱ्या चादरीकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तू जरा एका जागी उभी राहतेस का? मला गरगरतंय, आणि ते चादरीमुळे नाही."

रविवारी उपासनेला सतरा जण होते. अठराव्या सासूबाई. त्या कधीमधी येतात, इथल्या खुर्च्या चांगल्या आहेत म्हणून. नेमक्या पुढच्या रांगेत, अध्यक्षबाईंच्या शेजारी बसल्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पप्पांनी काय प्रवचन दिलं मला माहीत नाही. मी कीबोर्डवर होते आणि मला सारखं वाटत होतं की आज ती लाथ पूर्ण होणार.

उपासना संपली की लगेच खुर्च्या मिटवाव्या लागतात, कारण बारा वाजता कराटेवाले येतात. मम्मी खुर्च्या मिटवत होती. सासूबाईंनी खालची सतरंजी गुंडाळायला घेतली. झगा वर खोचला आणि खाडकन दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले.

अध्यक्षबाई वाकून बघायला लागल्या. "ही पट्टी माझी आहे," त्या म्हणाल्या. "जांभळी लोकर, पिवळा काठ. पिवळी संपली म्हणून शेवटचे दोन टाके केशरी घातले होते. हे बघ, केशरी." मग त्यांनी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. "हीच का ती?"

पप्पा हसत पुढे आले. "हो, याच आपल्या सासूबाई!"

"ही? हिने माझी सूटकेस डोक्यावरून नेली."

"नेली असेल. फार धडधाकट आहेत."

बाईंनी माझा दंड धरला. "विचार तिला, गुडघा आता कसा आहे."

मी सासूबाईंना इथल्या भाषेत विचारलं. त्या म्हणाल्या, "कसा म्हणजे? गुडघ्यासारखा आहे. पण बरं झालं विचारलंत. मला कधीचं विचारायचं होतं, तुमच्या धर्मात गुडघाच का? मला अकरा दिल्या. मला वाटलं, बाप्तिस्म्याच्या आधी या घालाव्या लागतात. मी म्हटलं, बारा झाल्या की सांगतील काय ते."

मी बाईंकडे वळले. "म्हणतात, प्रार्थनेने फार आराम आहे."

"अगं नाही नाही," पप्पा म्हणाले. त्यांना दोन्ही भाषा येतात, हे मी त्या भरात विसरले होते. "चुकलं तुझं. त्या विचारतायत, गुडघाच का. आणि अकरा... कसल्या अकरा?"

"गुडघापट्ट्या," बाई म्हणाल्या. "पाळकसाहेब, हिचा गुडघा बरा कधी झाला?"

"लगेच की. तीन आठवड्यांत. लिहिलं होतं ना आम्ही पत्रात?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. दार उघडलं आणि कराटेवाले आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अनवाणी, बारा जण. आमचं काहीतरी चाललंय हे बघून भिंतीला लागून शिस्तीत उभे राहिले.

"नव्हतं लिहिलं," मी म्हणाले. "बरा झाला म्हणून नव्हतं लिहिलं."

"मग काय लिहिलं होतंस?"

"ठणकतो म्हणून."

"किती पत्रांत?"

"एकोणतीस."

पप्पा खाली बसले. मम्मीने नुकतीच मिटवलेली खुर्ची उघडून त्यांना दिली, पण तोवर ते सतरंजीवर बसले होते. मी त्यांना दिवसाढवळ्या असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"पत्रावर सही कोणाची असते?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मग हे मी लिहिलं."

"पप्पा, तुम्ही नाही—"

"एकोणतीस वेळा मी लिहिलं," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी माझा दंड सोडला. मग कोणालाच न विचारल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे मी पहाटे पाचला उठत होते ते कोणासाठी?"

सासूबाईंनी पप्पांच्या बाहीला धरून हलवलं. "काय झालं? कोणी मेलं का?" आणि पप्पांनी, सतरंजीवर बसल्या बसल्या, त्यांना सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. उजवा, डावा, ऑपरेशन, नारिंगी चित्र. भिंतीशी उभे असलेले बारा जणही ऐकत होते, त्यांची तीच भाषा. संडेस्कूलच्या ठिकाणी त्यातला एक खोकला.

मला वाटलं, सासूबाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

"रोज?" त्यांनी अध्यक्षबाईंकडे बघत विचारलं. "ही बाई रोज माझ्यासाठी उठायची? आणि एवढी माणसं? मग गेल्या वर्षी माझी बहीण गेली तेव्हा का नाही कोणी काही म्हटलं? मी तर यांना सांगितलं होतं." त्यांनी पप्पांकडे बोट केलं. "ते येऊन बसले माझ्यापाशी. म्हणाले, लिहितो मी, सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतील. मग आली काय, तर गुडघ्याची पट्टी."

पप्पांनी मान वर केली. "मी सांगितलं होतं तुला. सहावा मुद्दा."

"गाळला मी," मी म्हणाले. "गुडघा होता म्हणून."

मला कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं आणि जाण्यासारखी सगळी ठिकाणं तिसऱ्या मजल्यावर होती.

"काय म्हणाली ती?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं. पप्पांना नाही, मला.

मी सांगितलं. शब्द न् शब्द, बहिणीसकट, सहाव्या मुद्द्यासकट. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "विचार, धाकटी होती का मोठी."

"धाकटी," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही एका पलंगावर झोपायचो. लग्नापर्यंत. लाथा मारायची झोपेत."

"आमचेसुद्धा मारायचे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "विचार, आता कसं वाटतं."

"पाय पसरायला जागा फार झाली," सासूबाई म्हणाल्या.

मी हेही सांगितलं. बाई हसल्या, मग चष्मा काढून पुसायला लागल्या. असं वीसेक मिनिटं चाललं. मी मधे उभी राहून एकीचं दुसरीला सांगत होते, माझं स्वतःचं एक अक्षर न घालता. इतकं दमायला मला कधी झालं नव्हतं. कराटेवाल्यांनी अर्ध्या हॉलमध्ये हळू आवाजात वर्ग सुरू केला.

शेवटी बाई उठायला गेल्या आणि गुडघा वाजला. सासूबाईंनी भुवया चढवल्या. त्यांनी बाईंना खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं, आपल्या पायातली जांभळी पट्टी काढली, समोर गुडघे टेकून बसल्या आणि ती बाईंच्या उजव्या पायात चढवली.

"हिला सांग," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस चुकीच्या गुडघ्याच्या मागे होतात."

घरी आल्यावर मम्मीने खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि ट्रंकेत ठेवलं. मग दुसरी ट्रंक पलंगाखालून ओढली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. "वर्तमानपत्रं दे," एवढंच म्हणाली. मी दिली. आम्ही दोघींनी बशा गुंडाळल्या.

सोमवारी निघताना अध्यक्षबाई दारात थांबल्या. "पाळकसाहेब, गुरुवारी मला हे कमिटीला सांगावं लागेल."

"सांगा," पप्पा म्हणाले. "मीही लिहितोय."

ते लिहीत होतेच, स्वतःच्या हाताने, पहिल्यांदा. पत्र तीन ओळींचं होतं. किल्लीवाल्याच्या सासूबाईंचा गुडघा अडीच वर्षांपूर्वी तीन आठवड्यांत बरा झाला. त्यानंतरचं त्याबद्दलचं सगळं खोटं होतं, त्याला मी जबाबदार आहे. त्यांची धाकटी बहीण गेल्या वर्षी गेली, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी म्हणाले, जबाबदार मी आहे असं लिहा. ते म्हणाले, "तुझं पत्र तू लिही. तुझी सही कर." म्हणून मी चौथी ओळ लिहिली आणि सही केली. आयुष्यातली ती माझी सर्वांत लहान गोष्ट आहे आणि तिला अडीच तास लागले.

गुरुवार गेला. शुक्रवारी पप्पा खिडकी ते कपाट इतके चालले की तळमजल्यावरून किल्लीवाला विचारायला आला, वर काही बसवून घेताय का. दुपारी फोन वाजला.

तीन वर्षं नाहीत. दुसरा देशही नाही. एक वर्ष, मग पुन्हा बघू. आणि इथून पुढे प्रार्थनापत्र पाठवण्याआधी पाळकसाहेबांनी वाचायचं, आरसा असो की नसो. हे शेवटचं अध्यक्षबाईंनी सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावलं होतं.

"एक वर्ष," पप्पा म्हणाले आणि मम्मीकडे बघायचं टाळलं.

मम्मी ट्रंकेपाशी बसली होती. तिने झाकण उघडलं, कॅलेंडर काढलं, झटकलं. "एक वर्ष म्हणजे एक कॅलेंडर," ती म्हणाली. "हे जुनं झालंय. तिकडून नवं पाठवा म्हणावं." आणि तोवर जुनंच खिळ्याला अडकवलं. बशा मात्र तिने वर्तमानपत्रातच ठेवल्या. लागेल तशी एकेक काढते.

दुरुस्तीच्या पत्राला त्र्याहत्तर उत्तरं आली. बरीचशी रागाची होती. संडेस्कूलने चित्र परत मागितलं. पण एकवीस जणांनी सासूबाईंच्या बहिणीविषयी लिहिलं होतं, आणि ती एकवीस मी खाली नेऊन पायरीवर बसून त्यांना वाचून दाखवली. किल्लीवाल्याने तेवढा वेळ कानस बंद ठेवली.

आता सासूबाई रोज सकाळी पायरी घासताना मला अडवतात. त्यांच्या पायात सध्या हिरवी पट्टी असते. "त्या बाईंचा गुडघा कसा आहे?"

मी दर रविवारी फोन करून विचारते. बाईंचा पाचला उठायचा नेम चालू आहे, आता सासूबाईंच्या बहिणीसाठी. "गुडघा कसा म्हणजे?" त्या म्हणतात. "तसाच आहे. जरासुद्धा फरक नाही. तसंच लिही."

या महिन्याच्या पत्रात नववा मुद्दा तोच आहे. पप्पांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "कोणता गुडघा?"

"उजवा," मी म्हणाले. "विचारून घेतलाय."